यकृतातील सौम्य गाठी आणि आपले 'यश'

आम्लपित्त, मलावष्टंभ, मूतखड्याची शंका किंवा पाळीच्या तक्रारी यांपैकी कोणत्या तरी कारणासाठी उदराची सोनोग्राफी करावी आणि तीत अनपेक्षितपणे यकृतामध्ये एखादी गाठ दिसून यावी, हा प्रकार आता नवलाचा राहिलेला नाही. सावदा, फैजपूर, रावेर या आमच्या पट्ट्यात पूर्वी सोनोग्राफीसाठी रुग्णास भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागे. आज ही सोय हाताशी आली आहे आणि तिच्याबरोबर हा नवा रुग्णवर्गही आपल्या दारी आला आहे. या रुग्णास वास्तविक काहीही होत नसते. अहवालातील एक शब्द मात्र त्याच्या घरातील सर्वांची झोप उडवितो. शल्यतज्ज्ञाने 'काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू' असे सांगून त्याला परत पाठविलेले असते. काही करायचे नाही या वाक्यावर आपल्या समाजाचा विश्वास बसत नाही. उपचार नाही म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असाच अर्थ घरी घेतला जातो आणि मग ते कुटुंब आयुर्वेदाकडे वळते. अशा वेळी आपण काय करतो, याविषयी आम्हांस येथे थोडे स्पष्ट लिहावयाचे आहे. ते काही वैद्यबंधूंना रुचणार नाही याची कल्पना आहे.

प्रथम या गाठींचे स्वरूप पाहू. यकृतातील सौम्य गाठींमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा. ही रक्तवाहिन्यांच्या विस्फारित पोकळ्यांची गाठ असून स्त्रियांमध्ये अधिक दिसते. बहुतेक गाठी पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, लक्षणे देत नाहीत, आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होत नाही. आपोआप फुटून रक्तस्राव होण्याचे प्रसंग अत्यंत विरळा. दुसऱ्या क्रमांकाची गाठ म्हणजे फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया. हिच्या मध्यभागी अनेकदा व्रणवस्तूसारखा तारकाकृती भाग दिसतो; हीही बहुधा तरुण व मध्यमवयीन स्त्रियांमध्ये सापडते आणि हीही निरुपद्रवी असते. तिसरी मात्र निराळ्या स्वभावाची आहे. ती म्हणजे यकृत-पेशींचा अॅडिनोमा. १९७३ साली अमेरिकेतील डॉ. जेनेट बाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये या गाठीचा आणि संततिप्रतिबंधक गोळ्यांचा संबंध प्रथम मांडला. पुढे तो दृढ झाला. शरीरसौष्ठवासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे आणि मेदोवृद्धीतही ही गाठ आढळते. ती पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, काही उपप्रकारांत कर्करोगाचाही असतो. आणि पुरुषांमध्ये हा दुसरा धोका इतका अधिक मानला जातो की, युरोपीय यकृततज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषातील अॅडिनोमा, आकार कितीही असो, शस्त्रक्रियेने काढावा. याशिवाय साधी जलग्रंथी, कुत्र्याच्या संसर्गातून होणारी हायडॅटिड ग्रंथी, आणि मेद असमान पसरल्याने गाठीसारखा भासणारा यकृताचा भाग, हेही अहवालात 'गाठ' म्हणूनच रुग्णाच्या कानी पडतात.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. येथे आम्हांस पहिली हरकत नामकरणाविषयी आहे. हिमॅन्जिओमा रक्तवाहिन्यांचा, म्हणून तो 'रक्तार्बुद', असे समीकरण अनेक ठिकाणी सर्रास मांडले जाते. परिसंवादांतील निबंधांत ते आम्ही ऐकले आहे. ज्यांनी सुश्रुताच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय शब्दशः वाचला आहे त्यांना हे समीकरण टिकत नाही हे सहज कळेल. तेथील रक्तार्बुद शीघ्र वाढणारे आहे, मांसांकुरांनी व्यापलेले आहे, किंचित पाक पावणारे आहे, त्यातून दूषित रक्त सतत वाहते आणि त्या रक्तक्षयाने रुग्ण पांडुवर्ण होतो. वर्षानुवर्षे जागचा न हलणारा, न वाहणारा, रुग्णास पत्ताही लागू न देणारा हिमॅन्जिओमा आणि हे वर्णन यांत 'रक्त' या शब्दापलीकडे साम्य काय? परिणाम मात्र गंभीर होतो. सुश्रुताने रक्तार्बुद असाध्य सांगितले आहे. म्हणजे निरुपद्रवी गाठीच्या रुग्णास आपणच असाध्य व्याधीचे नाव देतो, आणि नंतर ती 'असाध्य' गाठ वाढली नाही की तिचे श्रेय आपल्या कल्पांना देतो.

कोणी म्हणतात, रक्तार्बुद नसेल तर सिराज ग्रंथी म्हणा. तिचे वर्णन काहीसे जवळ जाते हे खरे. परंतु ती दुर्बल व्यक्तीने अतिव्यायाम केल्याने वातप्रकोपातून होते असे सांगितले आहे. आमच्याकडे येणाऱ्या या रुग्णांच्या इतिहासात तसे काही सापडत नाही. यकृद्दाल्युदर म्हणावे तर उदरवृद्धी नाही, यकृत हाताला लागत नाही, अग्निमांद्य असले तर ते गाठीपूर्वीचे. चरकांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला मोठा दिलासा देऊन ठेवला आहे: प्रत्येक विकाराला ठरलेले नाव असतेच असे नाही, आणि नाव सांगता न आल्याची वैद्याने लाज बाळगू नये, दोष, अधिष्ठान व हेतू जाणून कर्म आरंभावे. हे वचन आपण परीक्षेत लिहितो आणि दवाखान्यात विसरतो. हिमॅन्जिओमाला हिमॅन्जिओमा म्हणण्यात आयुर्वेदाचा कोणताही कमीपणा नाही.

याहून मूलभूत प्रश्न असा की, येथे व्याधी आहे तरी काय? सुश्रुताच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या संयोगाने पुरुषाला दुःख होते तो व्याधी. दोन सेंटिमीटरच्या हिमॅन्जिओमाने दुःख होत नाही. दुःख अहवालाने होते. पूर्वरूप नाही, रूप नाही, उपशय-अनुपशयाने पारखावे असे लक्षणच नाही. निदानपंचकाची पाचही द्वारे ठोठावली तरी आतून उत्तर येत नाही. यावर आक्षेप येईल की, ग्रंथी व अर्बुदे मंदरुज किंवा वेदनारहित असूनही शास्त्राने व्याधींत गणली आहेतच. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही सर्व गाठींना एका मापाने मोजत नाही. अॅडिनोमा दुखत नसला तरी त्याच्या पोटी उपद्रव आहे. तेव्हा दुःख आज नसले तरी उद्या संभवते काय, हा विचार करावाच लागतो, आणि त्यासाठी गाठ नेमकी कोणती हे आधी निश्चित व्हावे लागते. नाडी पाहून ते निश्चित होत नाही. स्पर्शनानेही नाही. निरोगी प्रौढाचे यकृत बरगड्यांच्या आड असते, त्यातील दोन सेंटिमीटरची गाठ हातास लागेल असे म्हणणे धाडसाचे होईल. त्रिप्रावस्थीय सीटी किंवा एमआरआयमध्ये औषध-रंग गाठीच्या कडेकडून गोळ्या-गोळ्यांनी शिरून मध्याकडे भरत जातो, ही हिमॅन्जिओमाची ओळख आपल्यालाही ठाऊक हवी. दर्शनाची ही वाढलेली कक्षा आहे, एवढेच समजून ती स्वीकारावी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लेखणी हाती घेतली. काही वैद्यमित्र अभिमानाने अहवालांच्या जोड्या दाखवितात. समजा, पहिल्या अहवालात गाठ ३२ मिलिमीटर, चार महिन्यांच्या कांचनार गुग्गुळ, आरोग्यवर्धिनी आणि शरपुंखा यांच्या योजनेनंतर २७ मिलिमीटर. पाच मिलिमीटरची 'लेखन' क्रिया घडली, असा निष्कर्ष निघतो. आमचे म्हणणे असे की, या जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही. यंत्र बदलले, तपासणारे डॉक्टर बदलले, रुग्णाने श्वास कमी-अधिक रोखला, आडवा व्यास मोजण्याऐवजी तिरपा मोजला गेला, की काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. गाठ मुळातच स्थिर राहणारी. तिला पाणी पाजले तरी ती स्थिरच राहणार. हिमॅन्जिओमाचा सहज स्वभावच असा की त्यावर दिलेले प्रत्येक औषध यशस्वी ठरते. ज्या रोगावर कोणतेही औषध यशस्वी ठरते, तेथे आपल्या औषधाची परीक्षा होतच नाही.

अॅडिनोमात तर हे आणखी फसवे होते. स्त्रीने संततिप्रतिबंधक गोळ्या बंद केल्या आणि वजन उतरविले की अनेक अॅडिनोमा स्वतःहून लहान होतात. मार्गदर्शक सूचनाही स्त्रियांत प्रथम हेच करावयास आणि सहा महिन्यांनी एमआरआयने पुन्हा पाहावयास सांगतात. आपण पथ्य म्हणून 'सर्व इंग्रजी गोळ्या बंद' असे सांगतो, त्यात या गोळ्याही बंद होतात, गाठ आकसते आणि श्रेय वटीला मिळते. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा, असे आपले शास्त्र सांगते. येथे ते घडलेलेही असते. पण आपण काय घडले हे न ओळखता औषधाच्या डबीवर श्रेयाची मोहोर उठवतो, आणि पुढची रुग्णा आली की गोळ्यांविषयी विचारीत नाही. आमच्या भागातील भगिनी आपण होऊन हे सांगत नाहीत, विशेषतः सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. तेव्हा स्त्री-रुग्णास एकटीला विचारावे: माला-डीसारख्या गोळ्या किती वर्षे चालू आहेत, लग्नकार्यासाठी वा व्रतासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या वारंवार घेतल्या आहेत काय. तरुण पुरुष असेल तर व्यायामशाळेतील इंजेक्शनांचा विषय काढावा. या चार प्रश्नांना पैसे पडत नाहीत.

कोणी विचारील, स्थिर गाठीवर दोन-चार निरुपद्रवी औषधे दिली, रुग्णाच्या मनाला समाधान मिळाले, तर बिघडले काय? बिघडते असे. एक तर ती औषधे निरुपद्रवी असतातच असे नाही. आरोग्यवर्धिनीत कुटकी निम्मी असली तरी पारद, गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र आहेत. शोधन-मारण यथाशास्त्र झालेले आहे याची खात्री किती जण करून घेतात? आणि हे सर्व पचवावयाचे कोणी, तर ज्याच्यात गाठ आहे त्याच यकृताने. वनस्पती म्हणजे निर्भय, ही समजूतही आता मागे टाकावी लागेल. करोनाच्या साथीत मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पाठोपाठ २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील त्रेचाळीस रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने त्यावर असा आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नव्हती आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात घेतली गेली असण्याची शक्यता आहे. हा आक्षेप विचारार्ह आहे. मात्र तो आपल्याला सोडवीत नाही, उलट अधिक बांधतो; कारण बांधावरून कोणती वेल तोडून आणली हे पाहण्याची जबाबदारी वैद्याखेरीज कोणाची? आम्ही गुळवेल सोडलेली नाही. परंतु ज्याच्या यकृताविषयी प्रश्न आहे अशा रुग्णास कोणतीही दीर्घ योजना देण्यापूर्वी यकृताच्या रक्तचाचण्या करून घेतो, महिन्याने पुन्हा करतो, आणि कावीळ, कंडू किंवा गडद मूत्र दिसताच सर्व औषधे थांबवितो.

दुसरे बिघडते ते अर्थकारण आणि घर. आमच्याकडे आलेल्या एका शेतकरी भगिनीने अन्यत्र वर्षभर 'गाठ विरघळविण्याची' औषधे घेतली होती. गाठ आरंभी होती तेवढीच होती. केळीच्या एका हंगामात हाती आलेल्या रकमेचा मोठा भाग त्यात गेला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्षभर ती स्वतःला कर्करोगी समजत होती. स्वयंपाकाची भांडी वेगळी केलेली होती. उपवर मुलींच्या बाबतीत तर ठरलेली सोयरीक अशा एका कागदावरून मोडू शकते. 'ट्युमर' म्हणजे कर्करोग असा आपल्या बोलीत अर्थ रूढ झाला आहे, आणि आपण 'अर्बुद' म्हणून त्याला संस्कृत पुष्टी देतो. यकृतातील हिमॅन्जिओमा असलेल्या स्त्रीने विवाह करू नये वा गर्भधारणा टाळावी असे काहीही नाही. हे वाक्य वैद्याने स्वच्छ मराठीत, शक्य तर घरच्यांसमोर, उच्चारावे.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. सौम्य म्हणून आलेली प्रत्येक गाठ सौम्य नसते. ज्यास हिपॅटायटिस बी किंवा सी आहे, जो दीर्घकाळ मद्यपी आहे, ज्याचे यकृत कठीण झाले आहे, त्याच्या यकृतातील नवी गाठ कर्करोगाचीच समजून तपासावी, सौम्य हे सिद्ध होईपर्यंत. ताप, थंडी आणि उजव्या बरगडीखाली दुखणे यांसह आलेली गाठ बहुधा यकृतविद्रधी असते. आमच्या भागात अमिबाजन्य विद्रधी नवीन नाही, आणि तेथे एक आठवडा काढ्यावर घालविणे म्हणजे तो फुटण्याची वाट पाहणे होय. मेंढ्या व कुत्री यांच्या सहवासात राहणाऱ्या रुग्णातील जलग्रंथी हायडॅटिड असू शकते. तीत अविचाराने सुई घालणे जीवघेणे ठरू शकते. अॅडिनोमाच्या रुग्णेस एकाएकी पोटात तीव्र कळ आली, घाम फुटला, नाडी क्षीण झाली, तर ती रक्तस्रावाची खूण समजून तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. सुश्रुतांनी बाह्य अर्बुदांच्या शस्त्रकर्मातही किंचित शेष राहिले तर ते पुन्हा वाढते असे बजाविले आहे. ज्या आचार्यांना अपुऱ्या छेदनाची इतकी भीती वाटत होती, त्यांच्या नावाने आपण शस्त्रसाध्य गाठीवर लेप आणि वट्या देऊन महिने घालवावेत, हे कसले शास्त्राचरण?

कायद्याचाही एक भाग आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात कर्करोगाबरोबर 'गाठी' हाही शब्द स्वतंत्रपणे आहे. गाठ बरी करतो अशी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, मग ती भिंतीवर रंगविलेली असो, वर्तमानपत्रात असो वा भ्रमणध्वनीवरील संदेशात असो. आठवडी बाजारात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर काही पदवीधरांची नावे पाहून आम्हांस खेद वाटतो. असो.

मग आयुर्वेदाने या रुग्णासाठी काहीच करू नये काय? पुष्कळ करावे. सोनोग्राफी ज्या तक्रारीसाठी झाली ती तक्रार गाठीच्या गोंधळात हरवलेली असते; तिच्याकडे परत जावे. आम्लपित्त, आनाह, विबंध यांवर आपला हात चांगला चालतो. त्याच अहवालात कोपऱ्यात 'फॅटी लिव्हर, दुसरी पायरी' असे लिहिलेले असते, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. निरुपद्रवी गाठीची चिंता आणि खऱ्या विकाराकडे दुर्लक्ष, असा हा उलटा व्यवहार आहे. मेदाने भरलेले यकृत हे संतर्पणोत्थ विकारांच्या चौकटीत नेमके बसते आणि अपतर्पण, व्यायाम, रात्रीचे लवकर व लघु भोजन यांनी ते खरोखर सुधारते. शेवेची भाजी आणि तळण यांवर बोलण्याची हिंमत मात्र वैद्यात हवी. येथील प्रत्येक रुग्ण एक प्रश्न हमखास विचारतो: केळी बंद करू काय? सावद्याच्या स्थानकावरून ज्यांची केळी दिल्लीच्या बाजारात गेली त्यांच्या घरात हा प्रश्न म्हणजे धर्मसंकटच. गाठीचा आणि केळीचा काही संबंध नाही, हे आम्ही सांगतो. अग्नी मंद असेल तर गुरू व कफकर म्हणून जेवणावर केळे खाऊ नये, एवढेच.

साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय या चार कप्प्यांत ही गाठ बसत नाही, ही आपल्या अडचणीची मुळाशी असलेली गोष्ट आहे. जिला चिकित्साच नको तिला साध्य तरी कसे म्हणावे? आमची सूचना अशी की, आजच्या तपासण्यांमुळे दिसू लागलेल्या अशा अवस्थांसाठी 'निरीक्ष्य' अशी पाचवी संज्ञा आपण व्यवहारात आणावी. रुग्णपत्रिकेवर तेवढा शब्द लिहावा, पुढील तपासणीचा महिना लिहावा, आणि ती तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडून करून घ्यावी. यावर एक व्यावहारिक अडचण सर्वांच्या मनात येईल, ती बोलून टाकतो. आपल्याकडे सल्ल्याचे पैसे मिळत नाहीत, पुडीचे मिळतात. 'औषधाची गरज नाही' असे सांगून रुग्णास उठविणारा वैद्य त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जातो. म्हणून सल्ल्याचे शुल्क वेगळे घ्यावे, ते फलकावर लिहावे, आणि पावती द्यावी. आमचा अनुभव असा की, अर्धा तास बसवून, चित्र काढून समजावून सांगितले तर खानदेशातील शेतकरी ते शुल्क कुरकुर न करता देतो.

ज्यांना आपल्या कल्पाने गाठ खरोखर लहान होते असा विश्वास आहे, त्यांना आमचे एकच मागणे आहे. आरंभीचा व शेवटचा एमआरआय एकाच केंद्रातला असावा, मोजणाऱ्यास औषधाविषयी माहिती नसावी, किमान दोन वर्षांचा पाठपुरावा असावा, गोळ्या, वजन व गर्भारपण यांची नोंद असावी, आणि औषध न घेतलेल्या तितक्याच रुग्णांचे अहवाल शेजारी ठेवलेले असावेत. ज्यांत गाठ वाढली ते रुग्णही कळवावेत. असे दहा रुग्णांचे टिपण जरी कोणी या त्रैमासिकाकडे पाठविले, तरी संपादकांनी त्यास अग्रभागी जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे. आणि केवळ दोन सोनोग्राफी अहवालांच्या आधारावरील 'यशोगाथा' तूर्त परत पाठवाव्यात.